वेतनेतर अनुदान आणि संशोधनसंग्रहांचे भवितव्य : ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा इतिहास (1818 ते 2018)

प्रास्ताविक

विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात कपात करावयाची झाल्यास ती कोणत्या शीर्षाखाली करावी, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो ज्ञानव्यवहाराच्या मुळाशी जाणारा प्रश्न आहे. वेतन कायद्याने संरक्षित असते. त्यास हात लावणे कोणत्याही शासनास सहसा शक्य होत नाही. परिणामी कपातीचा भार वेतनेतर खर्चावर पडतो. वीजजोडणी, छप्पर, सफाई, पहारा, वाळवीचा बंदोबस्त, अग्निशमन व्यवस्था या बाबी त्या खर्चात मोडतात. यांपैकी कोणतीही बाब 'संशोधन' या नावाने नोंदविलेली नसल्यामुळे संशोधनात कपात झाली, असे कागदोपत्री कधीच दिसत नाही. मात्र ज्या विद्याशाखांचे संशोधन जतन केलेल्या नमुन्यांवर उभे असते, त्यांच्यासाठी इमारतीची देखभाल हीच संशोधनाची पहिली अट असते.

या विधानाची सत्यता पडताळून पाहण्यासाठी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाइतके बोलके उदाहरण अलीकडच्या इतिहासात क्वचितच सापडेल. हे संग्रहालय रिओ दि जानेरो संघीय विद्यापीठाचा एक घटक आहे. स्थापनेला 200 वर्षे पूर्ण झाल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, 2 सप्टेंबर 2018 रोजी, ते आगीत भस्मसात झाले. प्रस्तुत लेखात या संस्थेची जडणघडण, विद्यापीठाशी असलेले तिचे नाते, निधीच्या टंचाईचे स्वरूप आणि त्या टंचाईचे संशोधनावर झालेले परिणाम यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

राजाश्रयातून संशोधनाकडे

नेपोलियनच्या आक्रमणामुळे पोर्तुगालचा राजदरबार लिस्बन सोडून 1808 मध्ये रिओ येथे आला. 1821 पर्यंत पोर्तुगीज साम्राज्याचा कारभार तेथूनच चालला. त्या काळात गोव्याची वसाहतही रिओतील याच दरबाराच्या आधिपत्याखाली होती. वसाहतीचे शहर अकस्मात राजधानी झाल्यावर तेथे राजधानीला साजेशा संस्था उभ्या करणे क्रमप्राप्त होते. राजकीय ग्रंथालय, वनस्पतिउद्यान आणि मुद्रणालय यांच्या पाठोपाठ दोम जुआंव सहावा या राजाने 6 जून 1818 रोजी 'राजकीय संग्रहालया'ची स्थापना केली. देशातील वनस्पती, प्राणी आणि खनिजे यांचा अभ्यास व्हावा, तसेच त्यातून व्यापार व उद्योगांस उपयुक्त माहिती मिळावी, असा त्यामागील हेतू होता. ब्राझीलमधील ही सर्वांत जुनी वैज्ञानिक संस्था होय.

1822 मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला, तरी सत्ता ब्रागांसा राजघराण्याकडेच राहिली. या घराण्याच्या आवडीनिवडीचा ठसा संग्रहालयावर उमटला. पहिल्या पेद्रोने 1826 मध्ये लिलावातून इजिप्तमधील प्राचीन वस्तू विकत घेतल्या. दुसरा पेद्रो स्वतः विज्ञान व भाषा यांचा व्यासंगी होता. इजिप्तच्या खेदिवाकडून 1876 मध्ये भेट मिळालेली शा-अमून-एन-सू या गायिकेची रंगीत शवपेटी त्याने आपल्या अभ्यासिकेत ठेवली होती. त्याची पत्नी तेरेझा क्रिस्तिना हिने इटलीतील पाँपेई व परिसरातील पुरावस्तू आणविल्या होत्या. या सर्व वस्तू कालांतराने संग्रहालयात दाखल झाल्या.

तथापि संग्रहालयाचे खरे महत्त्व या राजेशाही वस्तूंपुरते मर्यादित नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लादिस्लाव नेत्तो या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या संचालकपदाच्या काळात संस्थेला संशोधनकेंद्राचे रूप आले. 1876 मध्ये संग्रहालयाचे नियतकालिक सुरू झाले. ब्राझीलमधील वैज्ञानिक नियतकालिकांत ते सर्वांत जुने मानले जाते. 1880 मध्ये तेथे प्रायोगिक शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा स्थापन झाली. डार्विनशी दीर्घ पत्रव्यवहार करणारा आणि सजीवांतील अनुकृतीविषयी मूलगामी मांडणी करणारा फ्रिट्झ म्युलर हा याच संग्रहालयाचा 'प्रवासी निसर्गअभ्यासक' होता. रिओ येथे वास्तव्य करण्यास नकार दिल्यामुळे 1891 मध्ये त्याला सेवेतून कमी करण्यात आले. क्षेत्रात राहून होणारे संशोधन आणि कार्यालयीन शिस्त यांचा मेळ बसत नाही, याचे हे एक जुने उदाहरण म्हणता येईल.

1889 मध्ये राजेशाही संपुष्टात आली. रिक्त झालेल्या सांव क्रिस्तोव्हांव राजवाड्यात प्रथम प्रजासत्ताकाच्या संविधानसभेची अधिवेशने भरली आणि 1892 मध्ये तेथे संग्रहालय हलविण्यात आले. निवासासाठी बांधलेल्या, लाकडी तुळया व तक्तपोशी असलेल्या वास्तूत लक्षावधी नमुने ठेवण्याची ही व्यवस्था पुढे सव्वाशे वर्षे चालू राहिली. 1938 मध्ये राजवाड्याला संरक्षित वारसावास्तूचा दर्जा मिळाल्याने वास्तूची प्रतिष्ठा वाढली. पण एक वारसावास्तू आणि एक कार्यरत प्रयोगशाळा यांचा भार एकाच छपराने वाहावा, अशी विचित्र स्थितीही त्यातून निर्माण झाली.

विद्यापीठाचा घटक म्हणून

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रहालयाची ख्याती वाढत गेली. आइन्स्टाइन यांनी 1925 मध्ये, तर मारी क्युरी यांनी 1926 मध्ये त्यास भेट दिली. मानवशास्त्रज्ञ एद्गार रोकेट-पिंतो यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये शाळांना निसर्गविज्ञानाच्या अध्यापनात साहाय्य करणारा स्वतंत्र विभाग सुरू झाला. उभयचर प्राण्यांच्या अभ्यासक आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतील अग्रणी बेर्ता लुत्झ 1919 पासून या संस्थेच्या सेवेत होत्या. मानवशास्त्रज्ञ एलोइझा आल्बेर्तो तोरेस यांनी 1938 ते 1955 या काळात संचालकपद भूषविले.

त्यांच्याच कारकिर्दीत, 1946 मध्ये, संग्रहालय 'ब्राझील विद्यापीठा'त समाविष्ट झाले. 1965 मध्ये याच विद्यापीठाचे नामांतर रिओ दि जानेरो संघीय विद्यापीठ असे झाले. शैक्षणिक दृष्टीने हा समावेश फलदायी ठरला, हे निर्विवाद आहे. 1968 मध्ये तेथे सामाजिक मानवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याने लॅटिन अमेरिकेत मोठा लौकिक मिळविला. त्यानंतर प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विषयांतही पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. अभिरक्षक हे प्राध्यापक झाले, संग्रह हे अध्यापनाचे साधन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येऊ लागले.

प्रशासकीय दृष्टीने मात्र चित्र वेगळे होते. स्वतंत्र राष्ट्रीय संस्था म्हणून शासनाकडे थेट मागणी करण्याऐवजी संग्रहालयास आता विद्यापीठाच्या अनेक विद्याशाखा, रुग्णालये व वसतिगृहे यांच्या रांगेत उभे राहावे लागले. शिक्षण मंत्रालयाच्या लेखी ती विद्यापीठाची एक शाखा होती, तर विद्यापीठाच्या लेखी ते एका जुन्या राजवाड्याच्या देखभालीचे ओझे होते. नाव 'राष्ट्रीय' असले तरी त्यासाठी राष्ट्राच्या अर्थसंकल्पात तशी ठळक जागा नव्हती. पुढील घटनांचा अर्थ लावताना हे दुहेरी पालकत्व ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

टंचाईचे स्वरूप

संग्रहालयाची दुरवस्था एकाएकी झाली नाही. 2004 मध्येच रिओ राज्याच्या ऊर्जा खात्याच्या प्रमुखांनी तेथील जीर्ण वीजजोडण्या पाहून आगीचा धोका जाहीरपणे बोलून दाखविला होता. वास्तूच्या नूतनीकरणाचे आराखडे वेळोवेळी तयार होत गेले. निधीअभावी ते कागदावरच राहिले.

संग्रहालयाच्या वार्षिक देखभालीसाठी निश्चित केलेली रक्कम सुमारे 5 लाख 20 हजार रेआल इतकी होती. 2018 च्या विनिमयदराने ती भारतीय चलनात 90 लाख रुपयांच्या आसपास भरते. सुमारे 2 कोटी वस्तू व नमुने सांभाळणाऱ्या संस्थेसाठी ही रक्कम मुळातच तुटपुंजी होती. 2014 पासून तीही पूर्णपणे हाती आली नाही. जानेवारी 2015 मध्ये सफाई व पहारा यांच्या कंत्राटदारांची देणी थकल्यामुळे संग्रहालय काही दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे लागले. ज्या मारकाना क्रीडागाराच्या नूतनीकरणावर 2014 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी 1 अब्ज रेआलहून अधिक खर्च झाला होता, ते याच संग्रहालयाच्या परिसराजवळ आहे. दोन्ही खर्च सार्वजनिक हिताच्या नावानेच झाले वा टळले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

डिसेंबर 2016 मध्ये ब्राझीलने 95 वी संविधानदुरुस्ती करून संघराज्याच्या खर्चवाढीवर 20 वर्षांसाठी महागाई दराची मर्यादा घातली. 2023 मध्ये नवी वित्तीय चौकट आल्याने ही मर्यादा संपुष्टात आली. संग्रहालयाची ओढाताण त्या दुरुस्तीच्या आधीपासूनची असल्याने सर्व दोष तिच्याकडे देणे योग्य ठरणार नाही. परंतु एकूण खर्चावर मर्यादा आली आणि वेतन व निवृत्तिवेतन यांचा वाटा कमी करता येत नसला, तर उरलेला वेतनेतर भाग आकसत जातो, हे साधे गणित या दुरुस्तीने अधिक कठोर केले.

या गणिताचे दृश्य रूप संग्रहालयाच्या दालनांत दिसू लागले. माक्साकालीसॉरस या महाकाय डायनोसॉरच्या सांगाड्याच्या प्रतिकृतीचा आधार वाळवीने पोखरल्यामुळे ते दालन बंद करावे लागले. ते पुन्हा उघडण्यासाठी 2018 मध्ये नागरिकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. प्राध्यापकांचे वेतन सुरू होते, शोधनिबंध प्रसिद्ध होत होते, विद्यार्थी पदव्या मिळवीत होते. संशोधनाच्या अहवालांतून पाहणाऱ्यास संस्था सुस्थितीत असल्याचा भास झाला असता. ज्या भिंतींच्या आत हे सर्व घडत होते, त्यांची अवस्था मात्र कोणत्याही शैक्षणिक मूल्यांकनाच्या रकान्यात बसत नव्हती.

जून 2018 मध्ये, द्विशताब्दीच्या निमित्ताने, ब्राझीलच्या राष्ट्रीय विकास बँकेने 2 कोटी 17 लाख रेआलच्या साहाय्याचा करार केला. अग्निसुरक्षेच्या कामांचाही त्यात समावेश होता. ती कामे सुरू होण्यापूर्वीच आगीची घटना घडली.

2 सप्टेंबर 2018 आणि त्यानंतर

त्या दिवशी रविवार होता. संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद झाल्यानंतर सायंकाळी साडेसातच्या सुमारास आग लागली. पोलिसांच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार तिचा उगम तळमजल्यावरील सभागृहातील वातानुकूलन यंत्रात झाला. राजवाड्याजवळील अग्निशमन नळांना पुरेसा दाब नव्हता; त्यामुळे टँकर आणि उद्यानातील तलाव यांवर विसंबावे लागले. जीवितहानी झाली नाही. काही संशोधक व कर्मचारी जळत्या इमारतीत शिरले आणि मृदुकाय प्राण्यांचे प्ररूप नमुने त्यांनी बाहेर काढले. ज्या मूळ नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन केले जाते, त्यास प्ररूप म्हणतात. त्या जातीविषयीचा पुढील प्रत्येक वाद त्याच नमुन्याकडे परत येतो. अपुऱ्या वेळात काय वाचवावे, याचा निर्णय त्या व्यक्तींनी केवळ शास्त्रीय मूल्याच्या निकषावर घेतला, हे लक्षणीय आहे.

हानीचे स्वरूप विद्याशाखानिहाय पाहणे उद्बोधक ठरते. सुमारे 50 लाख कीटक व तत्सम प्राण्यांचा संग्रह जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला. शा-अमून-एन-सू हिची शवपेटी जळाली. मानवशास्त्राचे विशेष ग्रंथालय जळाले. देशी भाषांच्या दस्तऐवज केंद्रातील ध्वनिफिती व हस्तलिखिते गेली. त्यांतील काही भाषांचे भाषक आता हयात नाहीत. 1903 मध्ये जर्मनीतून ब्राझीलमध्ये आलेले, ग्वारानी लोकांनी ज्यांना नवे नाव दिले आणि 1945 मध्ये तिकुना लोकांच्या प्रदेशात ज्यांचा मृत्यू झाला, त्या कुर्त निमुएन्दाजू यांची क्षेत्रकार्याची मूळ कागदपत्रेही त्यातच गेली. कीटकांच्या काही जाती पुन्हा गोळा करता येतील, पण त्या स्थळी, त्या वर्षी त्या जाती होत्या याचा पुरावा पुन्हा मिळविता येणार नाही. ज्या जंगलांतून ते नमुने आले, त्यांपैकी कित्येक आता उरलेली नाहीत. भाषेच्या बाबतीत तर पुनर्संकलनाची कल्पनाही करता येत नाही.

जे बचावले, त्याचाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. पाच टनांहून अधिक वजनाची बेंदेगो उल्का आगीनंतर जागच्या जागी उभी होती. मिनास जेराइस प्रांतात 1970 च्या दशकात सापडलेली 'लुझिया' या सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीची कवटी ढिगाऱ्यात तुकड्यांच्या रूपात मिळाली. ऑक्टोबर 2018 मध्ये तिच्या सुमारे 80 टक्के भागाची ओळख पटल्याचे जाहीर झाले. याखेरीज पृष्ठवंशीय प्राण्यांचे संग्रह, सुमारे साडेपाच लाख नमुन्यांचा शुष्क वनस्पतिसंग्रह आणि मुख्य ग्रंथालय सुरक्षित राहिले. हे विभाग पूर्वीच राजवाड्याबाहेरील स्वतंत्र इमारतींत हलविलेले होते. याचा अर्थ असा की, त्या रात्री जे वाचले त्यातील मोठा भाग काही वर्षांपूर्वी झालेल्या वेतनेतर खर्चामुळे वाचला. त्या इमारती बांधताना तो खर्च कोणासही संशोधनावरील खर्च वाटला नसावा.

आगीनंतरही संस्थेचे कार्य थांबले नाही. जानेवारी 2019 मध्येच संग्रहालयाने अन्यत्र प्रदर्शन भरविले. संग्रहालयविद्येच्या विद्यार्थ्यांनी लोकांना जुन्या भेटींची छायाचित्रे पाठविण्याचे आवाहन केले. सप्टेंबर 2022 मध्ये राजवाड्याचा पूर्ववत केलेला दर्शनी भाग खुला करण्यात आला. 2024 मध्ये डेन्मार्कने सतराव्या शतकापासून कोपनहेगन येथे असलेला तुपिनाम्बा लोकांचा पिसांचा झगा परत दिला. त्याच वर्षी अरारिपे खोऱ्यातील 1,104 जीवाश्म एका खाजगी संग्राहकाकडून देणगीदाखल मिळाले. पुनर्बांधणीचा एकूण खर्च 50 कोटी रेआलच्या घरात जाईल, असा अंदाज आहे. मूळ वार्षिक देखभालखर्चाच्या दराने पाहिल्यास ही रक्कम साडेनऊशे वर्षांच्या देखभालीएवढी होते. तपासयंत्रणेने 2020 मध्ये कोणाही व्यक्तीवर फौजदारी दोषारोप न करता चौकशी पूर्ण केली. कायद्याच्या दृष्टीने तो निष्कर्ष योग्य असू शकतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक वेगळीच गोष्ट सूचित होते. अनेक वर्षे, अनेक टेबलांवर, थोडी थोडी झालेली कपात कोणा एकाची कधीच नसते.

संपन्न विद्यापीठांतील स्थिती

हा प्रश्न केवळ आर्थिक ओढगस्तीतील देशांचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात 2003 च्या अर्थसंकल्पीय कपातीत तेथील राज्य संग्रहालयाच्या संशोधन विभागावर गंडांतर आले. लुइझियाना विद्यापीठाच्या मन्रो येथील शाखेने 2017 मध्ये क्रीडासंकुलाच्या विस्तारासाठी जागा हवी म्हणून मासे व वनस्पती यांचे मोठे संग्रह अन्यत्र हलविण्याचा निर्णय घेतला. ड्यूक विद्यापीठाने तर फेब्रुवारी 2024 मध्ये 1921 पासूनचा, सुमारे 8 लाख 25 हजार नमुन्यांचा वनस्पतिसंग्रह बंद करण्याचे घोषित केले. नवी जागा आणि अभिरक्षक यांवरील खर्च हे त्याचे एक प्रमुख कारण होते. या प्रसंगी देशोदेशींच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी निषेध नोंदविला.

या घटना आणि रिओची घटना यांत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेतील उदाहरणांत निर्णय जाहीर होता, तो घेणारे अधिकारी ज्ञात होते, त्यामुळे त्याविरुद्ध युक्तिवाद करता आला आणि नमुन्यांसाठी दुसरे घर शोधण्यास अवधी मिळाला. रिओमध्ये संग्रह बंद करण्याचा निर्णय कोणीही घेतला नव्हता. उलट संस्थेचा गौरवच होत होता. अघोषित कपात ही घोषित कपातीपेक्षा अधिक घातक ठरते, कारण तिच्याविरुद्ध दाद मागण्याचा क्षण कधी येतच नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. नमुन्यांवर आधारित विद्याशाखांमध्ये देखभालखर्च आणि संशोधनखर्च असा भेद करणे तर्कदृष्ट्या टिकत नाही. वेतन अबाधित ठेवून वेतनेतर अनुदान रोखल्यास संशोधक उरतात, पण संशोधनाचा आधार नष्ट होण्याच्या मार्गाला लागतो.

2. इतर क्षेत्रांत लांबणीवर पडलेला खर्च पुढे भरून काढता येतो. संग्रहांच्या बाबतीत तशी शक्यता नसते. जळालेली ध्वनिफीत वा प्ररूप नमुना कोणत्याही पुरवणी मागणीतून परत मिळत नाही.

3. संग्रहालय विद्यापीठाचा घटक झाल्याने त्यास विद्यार्थी व विद्याप्रतिष्ठा लाभली. परंतु देखभालीची जबाबदारी मंत्रालय आणि विद्यापीठ यांच्यात विभागली जाऊन अखेर कोणाचीच राहिली नाही. अशा समावेशाच्या वेळी देखभालीसाठी स्वतंत्र व अहस्तांतरणीय तरतूद असणे आवश्यक आहे.

4. रिओच्या संग्रहांतील बचावलेला भाग मुख्यतः पूर्वीच्या नियोजनाचे फळ होता. संग्रहांचे सुरक्षित इमारतींत स्थलांतर, नमुन्यांच्या नोंदी, छायाचित्रे आणि त्यांच्या प्रती अन्यत्र ठेवणे या गोष्टी मोठ्या निधीची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने करता येण्याजोग्या आहेत.

5. संस्थांच्या मूल्यांकनात शोधनिबंधांच्या संख्येबरोबर संग्रहांच्या स्थितीचीही नोंद व्हावयास हवी. मूल्यांकनाच्या रकान्यात नसलेली गोष्ट अर्थसंकल्पातही नसते, हे रिओच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांत, काचेच्या कपाटांत, जुन्या अध्यापकांनी स्वहस्ते गोळा केलेले नमुने असतात. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची किंमत बहुधा बरणीच्या किमतीएवढीच लिहिलेली असते. बरणीवरील चिठ्ठीत स्थळ, दिनांक आणि संकलकाचे नाव असते, आणि नमुन्याचे खरे मूल्य त्या तीन नोंदींत असते. त्या चिठ्ठ्या वाचून त्यांची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.